लोगोतलं चिन्ह: निवडायचं कसं, काढायचं कसं आणि कट्ट्यावर टिकवायचं कसं

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, डाळीच्या कट्ट्यांची (पोत्यांची) थप्पी लागलेली असते, तेव्हा हमाल कट्ट्यावरचा मजकूर वाचत बसत नाही. पाठीवर कट्टा घेता घेता त्याची नजर छापावर जाते. बैल, मोर, सूर्य, नारळ, जे असेल ते. माल कोणत्या गाडीत चढवायचा ते त्याला तेवढ्यावरून कळतं. किराणा दुकानात पिशवी घेऊन आलेली आजीही “ती मोराची डाळ दे” असंच म्हणते. कंपनीचं नाव तिला सांगता येईलच असं नाही, पण मोर बदलला तर ती पुडा परत करते.

वाचायच्या आधी ओळख पटवणं हे लोगोतल्या चिन्हाचं काम आहे. धंद्याची सगळी माहिती सांगणं हे त्याचं काम नाही. ती पाटीवर, पुड्यावर, बोलण्यात सांगता येते. ही गोष्ट डोक्यात पक्की नसली की एकाच गोलात उगवता सूर्य, नांगर, दोन हात, पान, कणीस आणि वर “शेतकऱ्यांची आपली कंपनी” असं सगळं कोंबलं जातं. चार फुटांवरून पाहिलं तर एक हिरवा-पिवळा ठिपका दिसतो.

मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, डाळ मिल, हळद-मसाल्याचे छोटे उद्योग, हुरडा पार्ट्या, शिकवण्या यांची संख्या खूप वाढली आहे. त्यातल्या बहुतेकांचा लोगो फ्लेक्सच्या दुकानात, पाटी छापायला टाकताना, दहा मिनिटांत ठरतो. तो दहा मिनिटांत ठरू नये, म्हणून काम कसं करायचं ते इथे क्रमानं लिहितो आहे. डिझाईन येत नसलं तरी चालेल. निवड तुमची, रेखाटन दुसऱ्याकडून करून घेता येतं.

आधी चिन्हाचे प्रकार ओळखा

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यानं चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. ते लोगोच्या कामात रोज उपयोगी पडतात. पहिला, सरळ चित्र: आंब्याच्या धंद्याला आंबा. दुसरा, खूण: वस्तू स्वतः दिसत नाही, पण तिच्याशी जोडलेलं काहीतरी दिसतं. धूर दिसला की आग कळते, तसं. तिसरा, संकेत: चित्राचा आणि अर्थाचा मुळात संबंध नसतो, लोक सवयीनं तो शिकतात. अक्षरं ही सगळी संकेतच.

दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे स्वच्छ भारत अभियानाचा लोगो. २०१४ साली तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केला. त्यात गांधीजींचा चेहरा नाही, फक्त चष्मा आहे. एका भिंगात “स्वच्छ”, दुसऱ्यात “भारत”. चष्म्यावरून माणूस कळतो, आणि त्या माणसाची नजर आपल्यावर आहे हेही कळतं. चेहरा काढला असता तर लहान आकारात तो कुणाचा आहे हेच ओळखू आलं नसतं.

तिसऱ्या प्रकारात स्टेट बँक बसते. १९७१ साली शेखर कामत यांनी काढलेलं निळं वर्तुळ, मधे छोटा गोल आणि खाली जाणारी फट. कुणाला त्यात कुलपाचं भोक दिसतं, कुणाला आणखी काही. मोठ्या बँकेला हे परवडतं, कारण गावोगावच्या शाखा आणि अनेक वर्षांची सवय तिच्या पाठीशी आहे. उदगीरच्या नव्या तेलघाण्याकडे तेवढा वेळही नाही आणि पैसाही नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की छोट्या धंद्यानं पहिल्या दोन प्रकारांतच राहावं, आणि त्यातही शक्यतो दुसऱ्याकडे झुकावं. सरळ चित्र शेजारच्या दुकानदारालाही सुचतं. खूण शोधायला थोडा विचार करावा लागतो, आणि म्हणूनच ती तुमची राहते.

पहिली पायरी: चिन्ह कुठे कुठे दिसणार, ते लिहून काढा

रेखाटनाला हात लावायच्या आधी कागदावर यादी करा. डाळीच्या ब्रँडसाठी ती साधारण अशी होईल: पीपीचा (विणलेल्या प्लास्टिकचा) कट्टा आणि तागाचा बारदाना, किलोचा पाऊच, आडतीवरची पाटी, टेम्पोचा मागचा फाळका, बिलाचं पॅड, थर्मल प्रिंटरची ५८ मिलिमीटर रुंद पावती, रबरी शिक्का, व्हॉट्सअॅपचा गोल फोटो, कामगारांचे टी-शर्ट.

या यादीतली सगळ्यात वाईट जागा शोधा. बहुतेक वेळा ती बारदाना असते. तागाचं विणकाम जाड, त्यावर शाई पसरते. बारीक रेघ एक तर तुटते, नाहीतर शेजारच्या रेघेला जाऊन चिकटते. थर्मल पावतीवर रंग नाही, करडी छटाही नीट येत नाही, फक्त काळं किंवा पांढरं. रबरी शिक्क्यावर अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या रिकाम्या जागा, शाईनं भरतात. चिन्ह या सगळ्यात वाईट जागेसाठी काढायचं. तिथे टिकलं तर फ्लेक्सवर टिकेलच. उलटं होत नाही.

दुसरी पायरी: चिन्ह शोधा, पण इंटरनेटवर नको

“फार्मर लोगो” असं शोधलं की तीच ती चित्रं येतात, आणि ती जगभर सगळ्यांना येतात. आपल्याकडे साठा काही कमी नाही.

पैठणपासून सुरुवात करा. ही सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. सातवाहनांची नाणी हा मला चिन्हांचा फार मोठा धडा वाटतो. सोंड उंचावलेला हत्ती, सिंह, घोडा, कठड्यातलं झाड, तीन कमानींचा डोंगर, दोन डोलकाठ्यांचं जहाज. आणि मागच्या बाजूला बऱ्याचदा ते प्रसिद्ध उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक-चिन्हाच्या चार टोकांना चार गोल. नखाएवढ्या धातूवर ठोकलेल्या या खुणा आहेत. हत्तीला किती रेषा लागल्या ते पाहा: पाठीची एक कमान, सोंडेचं वळण, पायांचे खांब. डोंगर म्हणजे तीन अर्धवर्तुळं, दोन खाली आणि एक वर. ठसा ठोकताना बारकावा टिकत नाही, म्हणून त्या कारागिरांनी वस्तूचा गाभा तेवढा ठेवला. व्हॉट्सअॅपच्या गोलासाठी आज आपल्याला नेमकं हेच करायचं आहे.

पैठणीतही बरंच आहे: बांगडी मोर, मुनिया, आसावली, अजिंठा कमळ, नारळी काठ. विणकर उभ्या-आडव्या धाग्यांच्या चौकटीत काम करतो, त्यामुळे ही नक्षी आधीच भूमितीत उतरलेली असते. बांगडी मोर तर गोलात बसवलेलाच आहे. पण सावध राहा. पैठणी विकणाऱ्या प्रत्येक दुकानावर मोर आहे. मोर घ्यायचा असेल तर त्याचा तुमचा असा एक भाग घ्या, नुसती मान किंवा पिसाचा डोळा.

हीच अडचण वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा आणि देवगिरीच्या किल्ल्याची. छत्रपती संभाजीनगरात हॉटेल, टॅक्सी, लॉज, मिठाई, सगळ्यांच्या पाट्यांवर मकबऱ्याचा घुमट आणि चार मिनार. तो शहराचं चिन्ह आहे, तुमचं कसं होईल? कसोटी सोपी आहे. शेजारचा स्पर्धक उद्या हेच चिन्ह लावू शकेल का? उत्तर “हो” असेल तर ते बाजूला ठेवा. लातूरच्या शिकवण्यांची अवस्था तीच आहे: पुस्तक, पेन, मशाल, पदवीची टोपी. वेगवेगळ्या क्लासच्या पाट्या एका रांगेत लावल्या आणि नावं झाकली तर पालकांना एकही ओळखता येणार नाही.

मग कुठे शोधायचं? तुमच्या कामातल्या वस्तूंत, हत्यारांत, सणांत. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, शेतात कडब्याची कोप घालतात. पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेला तो त्रिकोण, समोर उघडा, आत पूजा मांडलेली. हुरडा पार्टी किंवा कृषी पर्यटन करणाऱ्याला यापेक्षा नेमकी खूण मिळणार नाही. चार तिरक्या रेघा वर एकत्र आल्या की कोप झाली. रबरी शिक्क्यावरही येते, आणि आपल्या भागातल्या माणसाला ती पाहताच शेत, आंबील, भज्जी सगळं आठवतं. असंच कुळव, खुरपं, तिफण, जात्याचा खुंटा, हळदीचा गड्डा, कापसाचं उमललेलं बोंड. एका बैठकीत अशा वस्तूंची यादी करा आणि ती करताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा. हत्यारांची नावं आणि आकार त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

तिसरी पायरी: वस्तू समोर ठेवून काढा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोगो इथेच फसतात.

समजा, निलंगा तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीला तूरडाळीसाठी चिन्ह हवं आहे. डिझाईनच्या दुकानात तूर म्हणून जे तयार चित्र टाकलं जातं, ते बहुतेक वेळा वाटाण्याच्या शेंगेचं असतं: गुळगुळीत, फुगीर, उघडलेली, आत गोल हिरवे दाणे. शहरातल्या गिऱ्हाइकाला कदाचित फरक कळणार नाही. पण कंपनीच्या सभासदाला, ज्यानं जन्मभर तूर बडवली आहे, त्याला लगेच कळतं. आपल्याच कट्ट्यावर आपलं पीक नाही हे पाहून त्याच्या मनातून तो लोगो उतरतो.

म्हणून तुरीची एक फांदी आणून टेबलावर ठेवा. शेंग नीट पाहा. ती चपटी असते, टोकाला बारीक चोच असते, आणि दोन दाण्यांच्या मधे शेंग दबलेली असते. ती दाब-रेषा आडवी नसते, तिरकी असते. हे तिरके दाब म्हणजे तुरीची सही. वाटाण्याला ते नसतात. पान पाहा: एका देठावर तीन लांबट, टोकदार पर्णिका. फूल पिवळं, काही वाणांत पाठीवर लालसर शिरा. मग डाळ हातात घ्या. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, समोरून पाहिली तर जवळजवळ गोल.

आता यातलं काय ठेवायचं? मी अशा वेळी प्रत्येक अंगाचं वेगळं, अगदी छोटं चित्र जाड स्केच पेननं काढायला सांगतो. पेन्सिल नको, कारण पेन्सिलीनं बारकावे काढायचा मोह होतो. पोस्टाच्या तिकिटाएवढे चौकोन आखायचे आणि प्रत्येकात एक कल्पना. तीन पर्णिका एकट्या. तिरक्या दाबांची शेंग एकटी. डाळीचा अर्धगोल एकटा. मग जोड्या: पर्णिकांच्या खाली अर्धगोल. शेंगेच्या तिरक्या रेषा आणि चोच. दोन डाळी समोरासमोर, मधे पांढरी फट, म्हणजे भरडतानाचा क्षण.

ही शेवटची कल्पना मला सगळ्यात जवळची वाटते. काळ्या गोलाला मधून एक तिरकी पांढरी फट दिली की दोन अर्धगोल तयार होतात. फट ही रिकामी जागा आहे, पण डोळा तिला वस्तूच समजतो. भरलेल्या आकाराइतकंच रिकाम्या जागेला वजन असतं. शेंगेवरच्या दाबाचा तिरका कल त्या फटीला दिला तर शेंग आणि डाळ दोन्ही एकाच रेषेत येतात. वर तीन पर्णिकांचा छोटा तुरा दिला की ती कॉफीची बी किंवा औषधाची गोळी वाटत नाही. एवढंच. सूर्य नको, हात नको, नांगर नको.

चिन्ह दुसरंच काही वाटू नये म्हणून एखादी छोटी खूण देण्याला जगप्रसिद्ध दाखला आहे. १९७७ साली रॉब जॅनॉफ यांनी अॅपल कंपनीसाठी सफरचंद काढलं तेव्हा त्याला एक चावा दिला. छोट्या आकारात ते चेरीसारखं दिसू नये, हे त्यामागचं साधं कारण. आपल्या फळांना हे तंतोतंत लागू आहे. मोसंबी, चिकू, लिंबू, डाळिंब, बाह्यरेषेत सगळी गोलच. केशरी रंगाचं गोल फळ जालन्याच्या मोसंबीच्या पेटीवर छापलं की लोक ते संत्रं समजतात. मोसंबी कापून दाखवा, फोडींची चकती येते, आणि रंग हिरवट-पिवळा ठेवा. सीताफळाला बाह्यरेषा पुरत नाही, त्याचे डोळे हवेत. पण सगळे काढले तर लहान आकारात काळा गोळा होतो. तीन ओळींत मोजकेच, मोठे काढा. केसर आंब्याला खालच्या टोकाचं वळण हवं, नाहीतर तो कुठलाही आंबा.

आणि ज्वारी. ज्वारीच्या पिठावर गव्हाची ओंबी छापणं ही आपल्याकडची सार्वत्रिक चूक आहे. कुसळं असलेली ती बारीक, दोन रांगांची ओंबी तयार चित्रांत सहज सापडते म्हणून तीच येते. ज्वारीचं कणीस भरगच्च, लांबट गोल, दाणे ठसठशीत, दांडा जाड आणि खाली एक पान. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. असा माल विकताना पुड्यावर गहू असावा, हे मनाला लागतं.

चौथी पायरी: अक्षरं जोडा

चिन्ह आणि नाव दोन स्वतंत्र गोष्टी ठेवा. चिन्ह डावीकडे किंवा वर, नाव शेजारी. नावातल्या एखाद्या अक्षराचंच चिन्ह करायचा मोह होतो, “म” मधून डोंगर, “ग” मधून गाय. कधी ते फार छान जमतं. रुपयाचं चिन्ह पाहा: २०१० साली स्वीकारलेलं उदय कुमार यांचं रेखाटन, देवनागरी “र” आणि दांडी नसलेला रोमन आर एकाच आकारात, वर दोन आडव्या रेघा. पण तिथे मुळात अक्षरांच्या आकारात साम्य होतं. ते नसताना ओढूनताणून केलेलं अक्षर वाचता येत नाही आणि चिन्हही होत नाही.

फाँट निवडताना मराठी वळण पाहा. “लातूर”मधला ल आणि “धाराशिव”मधला श मराठीत ज्या घाटाचे असतात, ते अनेक फाँटमध्ये हिंदी वळणाचे येतात. शाळेतल्या पाटीवर गिरवलेलं अक्षर ते नव्हे. “शेतकऱ्यांची” लिहून “ऱ्या” बरोबर येतो का, तेही तपासा. मुक्त, बलू, तिरो देवनागरी मराठी हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरायला पैसे लागत नाहीत. जोडाक्षरांचं नाव असेल तर जाड फाँट टाळा, लहान आकारात पोटं बुजतात. शिरोरेषेची जाडी आणि चिन्हातल्या रेषेची जाडी सारखी ठेवली की दोन्ही एका घरचे दिसतात.

पाचवी पायरी: रंग सगळ्यात शेवटी

आधी पूर्ण लोगो काळ्या एका रंगात पक्का करा. तो तसा चांगला दिसत नसेल तर रंग त्याला वाचवणार नाही.

मग दोन रंग, फार तर. हळदीच्या ब्रँडला पिवळा हवासा वाटतो, पण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दुरून दिसत नाहीत. पिवळा मोठ्या भागात भरा आणि अक्षरांना गडद तपकिरी किंवा काळा द्या. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापल्यावर मंद येतो, कारण पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि छपाई चार शायांच्या मिश्रणानं. म्हणून छपाईच्या शायांचे आकडे एकदाच ठरवून लिहून ठेवा आणि प्रत्येक छापखान्याला तेच द्या. नाहीतर लातूरच्या पाऊचचा हिरवा एक आणि नांदेडच्या पेटीचा दुसरा.

आपल्याकडे रंगाला आणखी एक बाजू आहे आणि ती मोकळेपणानं बोलायला हवी. भगवा, निळा, हिरवा हे रंग गावात नुसते रंग राहिलेले नाहीत. त्यांना समाज, श्रद्धा, पक्ष चिकटलेले आहेत. सगळ्यांना विकायचं असेल तर दुकान कुणा एकाचं आहे असं पाहणाऱ्याला वाटू नये. एकटा रंग टाळा, जोडी करा: हिरव्याबरोबर मातकट तपकिरी, निळ्याबरोबर पिवळा. काळ्या मातीचा रंग, ज्वारीच्या दाण्याचा मोतिया, कापसाचा पांढरा, अंबाडीच्या बोंडाचा लाल हे आपल्या भागाचेच रंग आहेत आणि अजून मोकळे आहेत.

हीच काळजी आकाराची. आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांना चित्रं दिली गेली, कारण १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. चित्रावरून ओळखायची सवय तेव्हापासून घराघरात आहे. त्यामुळे कमळ, पंजा, घड्याळ, धनुष्यबाण, मशाल, तुतारी यांपैकी काहीही तुम्ही कितीही वेगळ्या अर्थानं काढलंत तरी लोक त्यात पक्षच पाहतील. पैठणीवरचं कमळ कितीही जुनं असो, पुड्यावर ते वेगळं बोलतं.

सहावी पायरी: लोकांपुढे तपासा

“कसा वाटला?” असं विचारू नका. सगळे छानच म्हणतात. त्याऐवजी हे करा.

चिन्ह १५ मिलिमीटर रुंदीत काळ्या रंगात छापा आणि हातभर अंतरावरून दाखवा. ओळखलं का? पाटीच्या आकारात छापून रस्त्याच्या पलीकडून पाहा. डोळे किलकिले करून पाहा, मुख्य आकार उरतो का? व्हॉट्सअॅपच्या गोलात टाका, कडेचं काही कापलं जातं का? बारदान्याच्या तुकड्यावर एकदा खरोखर छापून घ्या. छापणारा एवढ्याशा कामाला कुरकुर करतो, पण हा तुकडा हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी अशी: पाच सेकंद दाखवा, लपवा, आणि समोरच्याला आठवणीनं काढायला सांगा. चित्रकला यावी लागत नाही. बहुतेकांनी गोल आणि तिरकी फट काढली तर चिन्ह लक्षात राहिलं. प्रत्येकानं वेगळंच काढलं तर चिन्हात अजून गर्दी आहे, काहीतरी काढून टाका. या चाचणीला वाचता न येणारी माणसं, लहान पोरं आणि हमाल नक्की घ्या. त्यांना “हे कशाचं दुकान असेल?” असं विचारा आणि उत्तर आलं की दुरुस्त न करता जसंच्या तसं लिहून घ्या.

सातवी पायरी: कायद्याची बाजू

छपाईला टाकण्याआधी हे पाहिलं नाही तर सगळा बारदाना वाया जाऊ शकतो.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र, महात्मा गांधींचं नाव आणि चित्र, राष्ट्रध्वज, हे व्यापारी चिन्ह म्हणून वापरायला १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याखाली बंदी आहे. आपल्याकडे महाराजांवरच्या प्रेमापोटी हे सर्रास होतं. ते प्रेम दुकानात तसबीर लावून व्यक्त करा, ट्रेडमार्कमध्ये नको. अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. दवाखाने आणि औषध दुकानांवर दिसणारा पांढऱ्यावरचा लाल क्रॉसही मोकळा नाही. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं त्याला संरक्षण आहे. दवाखान्यासाठी हिरवा क्रॉस, नाडीची रेघ किंवा दुसरी खूण घ्या.

देवदेवतांच्या चित्रांबाबत ट्रेडमार्क कायदा, १९९९ सांगतो की धार्मिक भावना दुखावू शकणारं चिन्ह नोंदवता येत नाही. नोंदणीच्या पलीकडेही एक साधा विचार करा: रिकामा पाऊच शेवटी उकिरड्यावर जातो. त्यावर तुळजाभवानी असावी का?

नोंदणीआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. नावासाठी शब्दशोध आहे, आणि चित्रासाठी व्हिएन्ना संकेतांक, म्हणजे चित्रांच्या वर्गवारीचे आकडे. त्यात वनस्पतींचा प्रवर्ग ५, प्राण्यांचा ३. तुमच्या मालाच्या वर्गात तसंच चिन्ह आधीपासून असेल तर इथेच कळतं. वर्ग एकूण ४५ आहेत. पीठ आणि मसाले ३० मध्ये, कच्चं धान्य आणि ताजी फळं ३१ मध्ये येतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. रंगाची मर्यादा न घालता काळ्या-पांढऱ्यात अर्ज केला तर ती सगळ्या रंगांसाठी धरली जाते, म्हणून सहसा तेच करावं. अर्ज केल्यावर नावाशेजारी “टीएम” लिहिता येतं. गोलातला “आर” मात्र नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं गुन्हा आहे.

बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, मराठवाडा केसर आंबा, वसमतची हळद अशा मानांकित मालाचं नाव आणि मानांकनाचं चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. गाव तेच आहे म्हणून ते आपोआप मिळत नाही. खाद्यपदार्थांच्या पुड्यावर एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह, १४ आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचा चौकोनातला हिरवा ठिपका लागतो. त्यांची जागा आधी ठरवा, मग तुमच्या चिन्हाची. दोन्ही शेजारी-शेजारी आली तर तुमचं चिन्ह सरकारी ठशांत हरवतं.

काम देताना आणि घेताना

डिझायनरला “काहीतरी मस्त करा” असं सांगू नका. जागांची यादी, वस्तूंची यादी, टाळायच्या गोष्टी आणि स्पर्धकांच्या पुड्यांचे फोटो एका पानावर द्या. काम संपलं की मूळ व्हेक्टर फाईल मागा, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी सीडीआर, एआय किंवा एसव्हीजी, आणि सोबत पीडीएफ. त्यात अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदललेली असावीत, नाहीतर दुसऱ्या संगणकावर फाँट नसला की मात्रा-वेलांट्या विस्कटतात. नुसता जेपीजी किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो घेऊन घरी जाऊ नका. तो मोठा केला की फाटतो.

स्वतंत्र डिझायनरनं केलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही, लेखी हस्तांतरण लागतं. साध्या कागदावर, कोणतं चिन्ह, किती मोबदला, सगळे हक्क कंपनीकडे, दोघांच्या सह्या, एवढं तरी करून घ्या. इंटरनेटवरची तयार चित्रं किंवा एआयनं बनवलेली प्रतिमा वापरली असेल तर ते त्यानं आधी सांगावं. तसं चिन्ह आणखी कुणाकडे निघालं तर ट्रेडमार्कच्या वेळी अडचण तुमची होते.

भिंतीवर पाटी रंगवून घेत असाल तर पेंटरला मोबाईलवरचं चित्र दाखवून भागत नाही. चिन्ह चौकटींच्या कागदावर छापून द्या किंवा पूर्ण आकाराचा खाका करून द्या. खाक्याच्या रेषा सुईनं टोचून त्यावरून रंगाची पूड फिरवली की भिंतीवर तोच आकार उमटतो. औशाच्या पाटीवरची फट आणि अहमदपूरच्या पाटीवरची फट एकाच कोनात राहते.

आधीचं चिन्ह बाजारात चालत असेल तर ते एका रात्रीत बदलू नका. जुना बारदाना संपवा. नव्या कट्ट्यावर पहिला हंगाम दोन्ही छाप ठेवा: नवं मोठं, जुनं खालच्या कोपऱ्यात लहान. आडत्याला, गाडीवानाला आणि किराणा दुकानदाराला नवा कट्टा नेऊन स्वतः दाखवा. ते नव्या छापाचं नाव स्वतःहून घ्यायला लागले, “त्या फटीच्या गोलाचे दहा कट्टे पाठवा” असा फोन आला, की पुढच्या छपाईत कोपऱ्यातला जुना छाप काढून टाका.